हेलनच्या पत्रांचें पहिलें वर्ष

निबंधाच्या वह्या तपासण्यांत ज्याच्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें गेलीं, त्याला एक गोष्ट कोणी सांगावी लागत नाहीं. विद्यार्थ्याचा निबंध हा बहुधा विद्यार्थ्याचा नसतो. वसंत ऋतूवर निबंध घातला कीं चाळीस वह्यांतून चाळीस कोकिळा गाऊं लागतात. त्यांतल्या किती कोकिळा लेखकांनीं स्वतःच्या कानांनीं ऐकलेल्या असतात हें विचारण्याची सोय नसते. आम्रमंजरी, मंद सुगंधित वायु, ऋतुराजाचें आगमन, सगळें यथास्थित असतें. मागल्या बाकावर बसणारा, शाळा सुटतांच आंब्यावर चढून कैऱ्या पाडणारा जो मुलगा, त्याच्याहि वहींत तीच मंजरी आणि तोच वायु. कैरीचा चीक लागून ओंठाला फोड आला होता, तें मात्र त्यानें लिहिलेलें नसतें. आतां तर हातांत मावणारें यंत्रहि मागाल त्या विषयावर मागाल तितक्या ओळी क्षणांत लिहून देतें, त्यामुळें उसनें आणण्यासाठीं शेजारच्या मुलाची वही मागण्याचेंहि कारण उरलें नाहीं.

यावर कोणी म्हणतात, चांगले उतारे पाठ करून घ्यावे, सुभाषितें कंठस्थ करवावीं, म्हणजे भाषेला वळण लागेल. कोणी म्हणतात, पाठांतर अजीबात बंद करावें आणि मुलाला स्वतःचें लिहूं द्यावें. मला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटत आले आहेत. स्वतःचें लिहा असें मुलाला सांगणें सोपें आहे; पण स्वतःचे शब्द त्याच्याजवळ येणार कोठून? शब्द घेऊन तर कोणी जन्माला येत नाहीं. ते आईचे असतात, आजीचे असतात, पाठ्यपुस्तकाचे असतात. परका शब्द आपला कसा होतो, आणि तो होत असतांना शिक्षकानें काय करावें व काय करूं नये, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें तर एखाद्या विद्यार्थ्याचें वर्षभराचें लिखाण तारीखवार समोर पाहिजे; आणि आपल्याकडे तर परीक्षा संपली कीं वह्या रद्दींत जातात.

सुदैवानें एका मुलीचें असें लिखाण जपून ठेविलेलें व छापलेलें आहे. ती मुलगी म्हणजे अमेरिकेंतील हेलन केलर. आंधळी, बहिरी व मुकी असूनहि विदुषी झालेली स्त्री म्हणून तिचें नांव घरोघर ठाऊक आहे, आणि पाण्याच्या पंपाखालीं हात धरला असतां तिला शब्दाचा अर्थ उमगला ही कथाहि बहुतेकांनीं ऐकलेली असते. परंतु त्या पंपानंतरच्या बारा महिन्यांत काय घडलें तें फारसें कोणी सांगत नाहीं. शिक्षकाच्या दृष्टीनें खरें नवल तेथें आहे.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजीं अलाबामा संस्थानांतील टस्कंबिया या लहानशा गांवीं झाला. एकोणीस महिन्यांची असतांना एका दुखण्यांत तिचे डोळे व कान गेले. पुढें तिच्या वडिलांनीं तिला टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांच्याकडे नेलें. त्यांच्या सल्ल्यानें बोस्टन येथील अंधांच्या पर्किन्स संस्थेशीं पत्रव्यवहार झाला, आणि त्या संस्थेचे प्रमुख अनॅग्नोस यांनीं आपल्याच एका विद्यार्थिनीला, कुमारी अ‍ॅन सलिव्हन हिला, शिक्षिका म्हणून पाठविलें. सलिव्हनबाईंचें वय तेव्हां अवघें विशीचें. त्यांची स्वतःची दृष्टि अधू होती, आणि लहानपण गोरगरिबांच्या एका आश्रयगृहांत फार हालांत गेलेलें होतें. त्या ३ मार्च १८८७ रोजीं टस्कंबियास पोंचल्या.

आल्याबरोबर त्यांनीं हेलनच्या तळहातावर बोटांच्या खुणांनीं शब्दांतील एकेक अक्षर काढावयास आरंभ केला. मुलगी त्या खुणांचें हुबेहूब अनुकरण करी, पण तो खेळ आहे इतकेंच तिला कळे. मार्चअखेर तिला अठरा नामें व तीन क्रियापदें येत होतीं असें बाईंनीं नमूद केलें आहे. ५ एप्रिलला पंपाचा प्रसंग घडला व वस्तूला नांव असतें हें तिला समजलें. ऑगस्ट संपतांना तिच्या शब्दांची संख्या ६२५ झाली होती. पांच महिन्यांत एकवीसावरून सव्वासहाशें! परंतु नुसत्या शब्दसंख्येवर मी भुलत नाहीं. अमरकोश पाठ असलेले व चार ओळींचें पत्र धड न लिहितां येणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. शब्द किती आले यापेक्षां ते कसे आले हें पाहणें अधिक उपयोगाचें.

याच एप्रिलांत सलिव्हनबाईंनीं एक साधी गोष्ट पाहिली व तिच्यावरून आपली सारी पद्धति बदलली. हेलनच्या नात्यांतील एक सवा वर्षाचें मूल होतें. त्याला बोलतां फारसें येत नव्हतें, पण सांगितलेलें पुष्कळ समजे. बाईंच्या मनांत आलें कीं, या मुलाला कोणी अगोदर नामें, मग क्रियापदें, मग वाक्यें असें शिकविलेलें नाहीं. घरचीं माणसें त्याच्यापाशीं पुरतीं वाक्यें बोलत असतात, तें ऐकत असतें, आणि एके दिवशीं तें आपण होऊन बोलूं लागेल. मग या मुलीच्या बाबतींत निराळें कां करावें? आई मुलाच्या कानाशीं बोलते तसें आपण हिच्या हाताशीं बोलावें. त्या दिवसापासून ठराविक वेळचा पाठ गेला. बाई पूर्ण वाक्यें तिच्या तळहातावर बोलत. कोठें अडलें तर हावभावांनीं अर्थ पुरा करीत. धडे बागेंत होत, टेनेसी नदीच्या काठीं चिखलाचे डोंगर व नद्या करून भूगोल होई.

ज्याला आम्ही वाक्यरचना म्हणतों ती हेलन कशी शिकली याचा एक प्रसंग तिनें पुढें आपल्या चरित्रांत सांगितला आहे. उठावाच्या अक्षरांचे शब्द छापलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या तिला दिलेल्या होत्या. बाहुली बिछान्यावर ठेवून तिच्या बाजूला ‘बाहुली’, ‘आहे’, ‘वर’, ‘बिछाना’ या अर्थाच्या चिठ्ठ्या मांडावयाच्या, असा तो खेळ. एके दिवशीं तिनें ‘मुलगी’ या शब्दाची चिठ्ठी आपल्याच अंगावरील झग्याला टांचली, कपड्यांच्या कपाटांत जाऊन उभी राहिली, आणि उरलेले शब्द फळीवर लावले. मुलगी कपाटांत आहे! कर्ता स्वतःच वाक्यांत जाऊन उभा राहिला. कारकप्रकरण मीं अनेक वर्षें शिकविलें; अधिकरण इतकें स्वच्छ समजलेला विद्यार्थी मला आठवत नाहीं.

आतां पत्रांकडे वळूं. खांचा पाडलेला पुठ्ठा कागदाखालीं ठेवून, डाव्या हाताच्या तर्जनीनें पेन्सिलीचें टोंक सांभाळीत चौकोनी अक्षरें काढावयास ती शिकली, आणि १७ जून १८८७ रोजीं, म्हणजे बाई आल्यापासून साडेतीन महिन्यांनीं, तिनें पहिलें पत्र एका चुलत बहिणीला लिहिलें. त्यांत मोठें अक्षर नाहीं, विरामचिन्ह नाहीं. कोण कोणाला काय देईल याची ती नुसती यादी आहे. एकजण हेलनला सफरचंद देईल, दुसरा पक्षी मारील, तिसरा खडीसाखरेची कांडी देईल, वैद्य धाकट्या मिल्ड्रेडला औषध देतील, आई मिल्ड्रेडला नवा झगा शिवील. प्रत्येक वाक्याचा सांचा तोच. फक्त माणूस व वस्तु बदलते. लेखिका स्वतःला ‘हेलन’ म्हणते, ‘मी’ म्हणत नाहीं. मात्र एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्या यादींत खोटें असें कांहीं नाहीं. पक्षी मारणारा भाऊ खरा, आजारी बहीण खरी, खडीसाखर तर अगदींच खरी. भाषा दुबळी आहे, पण लिहिणारीला सांगावयाचें आहे आणि ज्याला सांगावयाचें तो माणूस ठराविक आहे.

सप्टेंबरांत तिनें बोस्टनच्या अंध मुलींना पत्र लिहिलें. तेथेंहि आरंभीं ‘हेलन लिहील’, ‘हेलन व बाई भेटावयास येतील’ अशीच भाषा आहे. २४ ऑक्टोबरला त्याच मुलींना तिनें पुन्हां पत्र लिहिलें. त्यांनीं लिहावयाचें एक मेज पाठविलें होतें त्याबद्दल आभार मानावयाचे होते. या पत्राचा आरंभ ‘मी’ या शब्दानें झालेला आहे. एका महिन्याच्या अंतरानें हेलन जाऊन ‘मी’ आला! व्याकरणांत तृतीय पुरुषाचा प्रथम पुरुष झाला इतकेंच. पण मूल वाढतांना ज्या आईनें पाहिलें असेल, तिला त्या एका अक्षराची किंमत सांगावयास नको. ‘बाळाला दूध दे’ म्हणणारें बाळ ज्या दिवशीं ‘मला दे’ म्हणतें, तो दिवस घरांत कोणी पंचांगांत मांडून ठेवीत नाहीं. येथें तो दोन तारखांच्या मध्यें सांपडतो.

दुसरा बदल क्रियापदांचा. इंग्रजींत भूतकाळ करावयाचा तर धातूच्या मागें ‘डिड’ हें साहाय्यकारी क्रियापद लावून वेळ मारून नेतां येते. आपल्या मुलांनाहि इंग्रजी शिकतांना ही पळवाट फार आवडते, कारण मग ‘गो’ चें ‘वेंट’ व ‘ब्रिंग’ चें ‘ब्रॉट’ होतें हें ध्यानांत ठेवावें लागत नाहीं. नोव्हेंबर १८८७ मध्यें हेलननें ग्रॅहॅम बेल यांना लिहिलेलें पत्र या ‘डिड’ नें भरलेलें आहे. वडिलांबरोबर आपणांकडे आलें होतें, आपल्या घड्याळाशीं खेळलें होतें, असें ती त्यांना आठवण देऊन सांगते, आणि प्रत्येक ठिकाणीं तें लांकडी साहाय्यकारी पद उभें असतें. पुढें २४ फेब्रुवारी १८८८ चें अनॅग्नोस यांस लिहिलेलें ब्रेल लिपींतील पत्र पाहावें. कोणीं फुलें पाठविलीं, कोणीं बाहुली आणली, ती न्यूयॉर्कहून आली, हीं सर्व क्रियापदें आतां आपापल्या खऱ्या भूतकाळीं रूपांत आहेत. नियम सांगितलेला नव्हता, कोष्टक पाठ करविलेलें नव्हतें. तीन महिने बाई रोज हातावर नीट इंग्रजी बोलत राहिल्या आणि तीं रूपें त्या बोलण्यांतून आलीं.

त्याच पत्रांत आणखी एक गंमत आहे. नवी बाहुली मिटते-उघडते डोळे, हात वाकविते, तिचा झगा तांबडा आहे, ती जुन्या बाहुलीची बहीण व आपण दोघींची आई, असें सांगून झाल्यावर हेलन लिहिते कीं, जुनी बाहुली मोठी वाईट मुलगी, मोठ्यानें रडली, म्हणून तिला छडीनें मारलें. जूनच्या पत्रांत माणसें फक्त देतात-घेतात; येथें एका घराची गोष्ट आहे, तींत नातीं आहेत, अपराध आहे व शासनहि आहे. आठ महिन्यांचें अंतर! भातुकली खेळणाऱ्या कोणत्याहि मुलीला ही कथा रचतां येते, हें खरें; पण ती कागदावर उतरवितां येणें ही निराळी विद्या आहे.

मध्यंतरीं घडलेल्या एका गोष्टीला मी सर्वांत अधिक महत्त्व देतों. पेन्सिलीनें लिहिलेलें पत्र हेलनला स्वतःला वाचतां येत नसे. लिहिलें कीं तें तिच्या दृष्टीनें नाहींसें होई. जणूं पाण्यावरील रेघ. मग बाईंनीं तिला ब्रेल शिकविली. तींत टोंचलेले उठावाचे ठिपके बोटांना लागतात, म्हणून लिहिणाराला आपलें लिखाण वाचतां येतें. हें कळल्यावर तिला अतिशय आनंद झाला, आणि संध्याकाळच्या संध्याकाळ ती मेजाशीं बसून मनांत येईल तें लिहीत असे, असें सलिव्हनबाईंनीं लिहून ठेविलें आहे. आपलें वाक्य आपल्याकडे परत येणें, तें दुसऱ्याचें असल्याप्रमाणें आपणच वाचणें, याशिवाय लेखक होत नाहीं. आमच्या शाळांत मुलगा निबंध लिहितो, वही गुरुजींकडे जाते, आठ दिवसांनीं तांबड्या रेघा मारून परत येते, आणि मुलगा शेवटचा आंकडा पाहून ती मिटतो. डोळे असून त्यानें आपला निबंध वाचलेला नसतो. पेन्सिलीनें लिहिणाऱ्या हेलनहून तो अधिक आंधळा आहे असें म्हटलें तर रागावूं नये.

सलिव्हनबाईंचें निबंधाविषयींचें मत कडक होतें. मुलांजवळ सांगण्यासारखें कांहीं नसतांना त्यांच्याकडून लिहवून घेणें त्यांना मान्य नव्हतें. त्यांना विचार करूं द्यावा, वाचूं द्यावें, मोकळेपणीं बोलूं द्यावें, म्हणजे लिहिल्यावांचून त्यांना राहवणारच नाहीं, असें त्या म्हणत. हें मत शाळाखात्याच्या वेळापत्रकांत बसत नाहीं. चाळीस मुलांच्या हातावर एक शिक्षक बोलूं शकत नाहीं, आणि परीक्षा ठरलेल्या महिन्यांत येते. तरीहि त्यांतला एक भाग कोणत्याहि घरांत करतां येण्यासारखा आहे. मुलाच्या हातून महिन्यांतून एक खरें पत्र खऱ्या माणसाला जावें. आजोळीं मामाला, परगांवीं गेलेल्या आत्याला, ज्याचें उत्तर येईल अशा कोणाला तरी. त्यांतलें शुद्धलेखन तपासण्याचा मोह मात्र वडीलमंडळींनीं आवरावा.

इतकें वाचून कोणी म्हणेल, हें सर्व सुरळीत दिसतें. मग परक्या शब्दांचा प्रश्न सुटला कीं! तो सुटला नव्हता. तो तिच्यापुढें अकराव्या वर्षीं फार कठोर रूपानें उभा राहिला.

१८९१ च्या शरदांत हेलन घरीं होती. पानगळीच्या आधीं तिकडे झाडांचीं पानें तांबडीं-पिवळीं होतात. त्या रंगांचें वर्णन बाईंनीं तिला हातावर सांगितलें. तिच्या मनांत एक गोष्ट आली व ती तिनें लिहून काढली. गोठविणाऱ्या थंडीचा राजा हिमराजा. त्याचा रत्नांचा खजिना पऱ्यांच्या आळसामुळें उन्हांत वितळतो, आणि तीं माणकें-पाचू झाडांच्या पानांवर सांडून तीं रंगतात, अशी ती कथा. घरच्या मंडळींना ती वाचून दाखविली तेव्हां कोणीं विचारलें कीं ही पुस्तकांत वाचलीस काय? तिला आश्चर्य वाटलें; असें वाचल्याचें तिला मुळींच आठवत नव्हतें. कथा अनॅग्नोस यांच्या वाढदिवसाची भेट म्हणून बोस्टनला गेली, त्यांनीं ती आनंदानें छापविली, आणि थोड्याच दिवसांत उघडकीस आलें कीं मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या एका बालकथेशीं ती जवळजवळ वाक्यावाक्यानें जुळते. ती कथा हेलनच्या जन्मापूर्वींच छापली गेली होती. शोधांतीं असें दिसलें कीं १८८८ च्या उन्हाळ्यांत हेलन समुद्रकांठीं ज्या बाईंच्या घरीं राहिली होती त्यांच्याजवळ तें पुस्तक होतें, आणि तें तेव्हां तिला हातावर वाचून दाखविलें असावें. त्या काळांत तिला निम्मे शब्दहि पुरते समजत नव्हते. गोष्ट विसरली, तिची भाषा राहिली.

पर्किन्स संस्थेंत चौकशी बसली. शिक्षक व अधिकारी मिळून आठजण, त्यांत चौघे अंध. सलिव्हनबाईंना बाहेर जावयास सांगितलें, आणि अकरा वर्षांच्या मुलीला एकटीला त्यांच्यापुढें उभें करून प्रश्न विचारण्यांत आले. त्या रात्रीं आपण बिछान्यांत पडून किती रडलों तें तिनें पुढें सांगितलें आहे. तिनें जाणूनबुजून चोरी केली असें कोणाला सिद्ध करतां आलें नाहीं, तरी संशय गेला नाहीं. मूळ लेखिका कॅन्बीबाई यांनीं मात्र तिला फार ममतेचें पत्र पाठविलें.

येथें मला आपल्या जुन्या साहित्यशास्त्रज्ञांची आठवण होते. त्या आठजणांत एखादा आनंदवर्धन वाचलेला पंडित असता तर चौकशीचें रूप पालटलें असतें. ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्योतांत दोन कवींच्या लेखनांतील साम्याचा विचार आला आहे. एक साम्य आरशांतील प्रतिबिंबासारखें, एक चित्रासारखें, आणि एक दोन सजीव माणसांच्या चेहरेपट्टींतल्या सारखेपणासारखें. पहिलीं दोन टाकाऊ. तिसरें ग्राह्य, कारण चेहरे सारखे असले तरी त्या दोन देहांत जीव दोन असतात. अकराव्या शतकांतील काश्मीरचा क्षेमेंद्र तर याहून व्यवहारी. त्यानें ‘कविकंठाभरणां’त शिकाऊ कवीसाठीं अभ्यास सांगितले आहेत, रघुवंशाच्या मंगलश्लोकांतील शब्द काढून त्यांच्या जागीं दुसरे घालण्यासारखे. दुसऱ्याची छाया घेणारा, पद घेणारा, चरण घेणारा, सबंध काव्यच घेणारा, अशा उसनवार करणाऱ्यांच्या पायऱ्या लावून मग तो स्वतःच्या उन्मेषावर जगणाऱ्या व इतरांना उपजीव्य होणाऱ्या कवीकडे येतो. उसनवारीचा त्याला संताप नाहीं. ती त्याच्या हिशेबांत एक इयत्ता आहे.

हेलनची हिमकथा चेहऱ्याच्या साम्यांत बसत नाहीं. ती प्रतिबिंबाच्या जवळची, हें प्रामाणिकपणें म्हटलें पाहिजे. ती छापण्याची घाई झाली हा वडिलांचा दोष. पण चोरी आणि इयत्ता यांतला भेद त्या खोलींत कोणीं केला नाहीं, आणि त्याचा दंड मुलीनें पुष्कळ वर्षें भरला. त्यानंतर आईला साधें पत्र लिहितांनाहि तिच्या मनांत एकदम धास्ती उठे कीं हें वाक्य आपलें कीं कोठेंतरी वाचलेलें? मग तेंच वाक्य ती पुनःपुन्हां बोटांनीं चांचपून पाही. ब्रेलनें तिला स्वतःची वाचक केलें होतें. चौकशीनें त्या वाचकाचा फौजदार केला.

सलिव्हनबाईंनीं या वेळीं जें केलें तें मला त्यांच्या सर्व कर्तबगारींत श्रेष्ठ वाटतें. त्यांनीं तिचें लिहिणें बंद पडूं दिलें नाहीं, आणि पुन्हां काल्पनिक कथाहि लिहावयास सांगितलें नाहीं. बारा वर्षांच्या त्या मुलीकडून त्यांनीं एका बालमासिकासाठीं स्वतःच्या आयुष्याची लहानशी हकीकत लिहवून घेतली. जी गोष्ट जगांत दुसऱ्या कोणाचीच असूं शकत नाहीं, ती लिहितांना चोरीचें भय कसलें? तरीहि ती हकीकत तिनें भीत भीतच लिहिली.

तिच्या लिहिण्याला निराळें वळण लागलें तें १९०० सालीं. त्या शरदांत हेलन केंब्रिज येथील रॅडक्लिफ कॉलेजांत दाखल झाली, आणि इंग्रजी निबंधाच्या वर्गाला चार्ल्स टाउन्सेंड कोपलंड हे अध्यापक होते. ऑक्टोबरांत ती वर्गांत आली ती इतर मुलींसारखें लिहिण्याचा निश्चय करून. आपलें आंधळेपण व बहिरेपण लिखाणांत कोठें दिसूं नये अशी तिची खटपट होती. २० डिसेंबर १९०० रोजीं तिनें कोपलंड यांना पत्र पाठवून आपण निबंध देणें कां थांबविलें याचें कारण कळविलें. तिच्या सांगण्याचा भावार्थ असा कीं, आजवर आपण दुसऱ्यांचे अनुभव व निरीक्षणें बिनतक्रार स्वीकारीत आलों, आपल्या स्वतःच्या अनुभवाला कांहीं मोल असेल हें कधीं सुचलेंच नाहीं. आतां आपण आपल्यासारखेंच लिहावयाचें ठरविलें आहे. पहिल्या सहामाहीच्या मध्यावर विद्यार्थिनीनें अध्यापकाला असें कळवावें आणि अध्यापकानें त्याचा राग न मानतां तिला तेंच करूं द्यावें, ही गोष्ट सगळ्याच वर्गांत घडत नाहीं.

मग तिनें लिहिलें तें बाळपण, पंप, बाहुल्या, बाग. त्यांत वादळाचा एक प्रसंग आहे. लहान हेलन एका झाडावर एकटी बसलेली असतांना हवा पालटते. आभाळ भरून आलें हें तिनें कशावरून ओळखलें? हवेंतली ऊब नाहींशी झाली आणि जमिनींतून निराळाच वास येऊं लागला. उन्हाची ऊब हाच तिचा प्रकाश होता. ज्यांना डोळे आहेत त्यांना असें वादळ लिहितां यावयाचें नाहीं; पण पहिल्या पावसापूर्वींचा वास आपल्या मुलांनाहि येतोच, आणि वर्षाऋतूच्या निबंधांत तो किती वह्यांत सांपडतो तें शिक्षकांनीं पाहावें.

कोपलंड यांच्यासाठीं लिहिलेल्या या निबंधांतूनच तिचें आत्मचरित्र तयार झालें. १९०२ सालीं तें एका स्त्रियांच्या मासिकांत क्रमशः आलें आणि १९०३ सालीं पुस्तकरूपानें निघालें. १९०४ सालीं ती पदवीधर झाली. पुस्तक तिनें ग्रॅहॅम बेल यांना अर्पण केलें, ज्यांच्या घड्याळाविषयीं तिनें ‘डिड’ लावून पत्र लिहिलें होतें त्यांनाच. मार्क ट्वेन यांनीं तें वाचून तिला पत्र लिहिलें व त्या जुन्या चौकशी करणाऱ्यांचा यथेच्छ समाचार घेतला. जगांत जवळजवळ सगळेंच उसनें असतें, असा त्यांचा रोख होता. क्षेमेंद्र त्यांनीं वाचला असण्याचा संभव नाहीं.

त्या पुस्तकाची रचना मात्र पाहण्याजोगी आहे. आत्मचरित्रामागून तिचीं लहानपणापासूनचीं पत्रें दिलेलीं आहेत, आणि संपादक जॉन मेसी यांनीं आरंभींच्या पत्रांना साजशृंगार केलेला नाहीं. १७ जून १८८७ चें तें पहिलें पत्र बिनविरामाचें, लहान अक्षरांचें, तसेंच छापलें आहे. त्याच्याहि पुढें पुरवणीच्या भागांत कॅन्बीबाईंची मूळ कथा आणि हेलनची हिमराजाची कथा, दोन्ही शेजारीं शेजारीं छापल्या आहेत, ज्याला ताडून पाहावयाचें त्यानें ओळीला ओळ लावून पाहावी म्हणून. तेव्हां हेलनचें वय बावीस-तेवीस वर्षांचें होतें.